लांबलचक नॉर्वेजियन शब्द कसा फोडायचा

नॉर्वेत नव्याने आलेल्या माणसाची गाडी व्याकरणापेक्षा लांब शब्दांवर जास्त अडते. परवान्याचं पत्र घ्या, पाळणाघराचा अर्ज घ्या, नाहीतर घरभाड्याचा करार घ्या. वीस-पंचवीस अक्षरांचा एखादा शब्द मध्येच सलग उभा असतो. मोबाइलवर भाषांतर करून घेतलं की त्या वेळचं काम भागतं. पण पुढच्या कागदावर त्याच शब्दाचा चुलतभाऊ भेटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

या शब्दांत नवीन असं फार थोडं असतं. रोजच्या वापरातले साधे शब्द एकापुढे एक चिकटवलेले असतात, एवढंच. अडचण होते ती आपल्या वाचण्याच्या पद्धतीमुळे. आपण डावीकडून एकेक सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा, जुळवत जातो आणि चौथ्या-पाचव्या तुकड्याला सुरुवात काय होती तेच विसरतो. हे शब्द उजवीकडून उकलायचे असतात आणि तोडायचे ते सिलॅबलवर नाही, शब्दांच्या सांध्यावर. पुढे सगळं तेच आहे, पायरीपायरीने.

लिपीबद्दल आधीच सांगून ठेवतो. इथे नॉर्वेजियन शब्द देवनागरीत दिले आहेत, ओस्लोच्या आसपासच्या उच्चाराच्या जवळ जातील असे. सांधा दिसावा म्हणून मध्ये आडवी रेघ टाकली आहे. मूळ लिखाणात ती रेघ नसते. नॉर्वेजियन वर्णमालेत २९ अक्षरं आहेत आणि शेवटची तीन इंग्रजीत नाहीत. त्यातलं शेवटून दुसरं, तिरपी रेघ मारलेलं ओ, मी 'ऑ' असं लिहितो, आणि डोक्यावर वर्तुळ असलेलं ए 'ओ' असं. वाय या अक्षरासाठी 'ई' लिहिलं आहे, पण ते म्हणताना ओठांचा चंबू करायचा. शब्दकोशात वर्णमालेतली ती शेवटची तीन अक्षरं झेडच्याही नंतर येतात, त्यामुळे वर्तुळवाल्या ए ने सुरू होणारा शब्द ए च्या पानावर शोधत बसू नका, तो अगदी शेवटी सापडेल.

पायरी पहिली: शेपूट काढा

नॉर्वेजियनमध्ये 'तो', 'ती', 'ते' असा निश्चितपणा दाखवणारा तुकडा नामाच्या मागे चिकटतो. पुल्लिंगी नामाला -एन, स्त्रीलिंगीला -आ, नपुंसकलिंगीला -ए (लिहिताना पुढे टी असतो, पण तो उच्चारत नाहीत), आणि अनेकवचनात बहुतेकदा -एने. लांब शब्द दिसला की आधी हे शेपूट ओळखून बाजूला ठेवायचं.

सीके-हूसे हा शब्द घ्या. शेवटचं -ए काढलं की सीके-हूस उरतं: सीक म्हणजे आजारी, हूस म्हणजे घर. झालं रुग्णालय. शब्दाच्या टोकाला एस असेल तर तो बहुधा 'चा-ची-चे' वाला षष्ठीचा एस असतो. इंग्रजीसारखी वरची टिकली तिथे देत नाहीत. हा टोकाचा एस आणि मधल्या सांध्यातला एस वेगळे आहेत. मधल्याची गोष्ट तिसऱ्या पायरीत येते.

पायरी दुसरी: शेवटचा शब्द पकडा, मालक तोच

शाळेत तत्पुरुष समास शिकताना 'दुसरं पद प्रधान' असं घोकलेलं आठवत असेल. नॉर्वेजियन जोडशब्दाचा कारभार जवळजवळ पूर्ण त्याच नियमावर चालतो. वस्तू कोणती आहे, शब्दाचं लिंग काय, अनेकवचन कसं होणार, हे सगळं शेवटचा शब्द ठरवतो. आधीचे शब्द फक्त 'कसला', 'कोणाचा', 'कशासाठी' एवढं सांगतात.

मेल्के-कू आणि कू-मेल्क ही जोडी पाहा. मेल्क म्हणजे दूध, कू म्हणजे गाय. पहिली दुभती गाय, दुसरं गायीचं दूध. तेच दोन शब्द, फक्त शेवटी कोण बसलंय ते बदललं.

लिंगाचंही तसंच. मूल या अर्थाचा शब्द बाण (लिहिताना बी-ए-आर-एन) नपुंसकलिंगी आहे. पण त्याच्यापुढे बाग या अर्थाचा हागे लागून बाणे-हागे, म्हणजे पाळणाघर-बालवाडी, तयार झालं की तो शब्द पुल्लिंगी, कारण हागे पुल्लिंगी आहे. निश्चित रूप बाणेहागेन. (मराठी कानाला हसू येणारच. येऊ द्या, निदान हा शब्द पुन्हा विसरणार नाही.) शेवटच्या शब्दाचं अनेकवचन वाकडंतिकडं असेल तर तेही जसंच्या तसं सोबत येतं. मान म्हणजे पुरुष, अनेकवचन मेन. म्हणून नूर-मान म्हणजे नॉर्वेचा माणूस आणि अनेकवचनी नूर-मेन.

याचा व्यवहारातला फायदा मोठा आहे. शब्द एकेकटे पाठ करण्यापेक्षा शेवटच्या शब्दाच्या घराण्याने पाठ करा. कोट म्हणजे कार्ड (लिहिताना के-ओ-आर-टी). स्कात्ते-कोट हे करकपातीचं कार्ड, फॉरेर-कोट हा वाहन परवाना, बांक-कोट बँकेचं कार्ड, मोनेत्स-कोट महिन्याचा पास. एक शेवट कळला की चार कागद कळले. तसंच लेगे म्हणजे डॉक्टर: तान-लेगे दातांचा, दीर-लेगे जनावरांचा, फास्त-लेगे तुमच्या नावाला कायमचा नेमून दिलेला. पण लेगे-वाक्त दिसलं तर थांबा. इथे लेगे पुढे आहे आणि वाक्त, म्हणजे पहारा किंवा पाळी, शेवटी. तातडीच्या वेळी जायचं ते ठिकाण.

इथे एक फसवा शेवट सांगायलाच हवा. स्काप म्हणजे कपाट, आणि शॉले-स्काप म्हणजे गार करणारं कपाट, फ्रिज. पण वेन-स्काप म्हणजे मित्रांचं कपाट नाही! तिथलं -स्काप हा भाववाचक प्रत्यय आहे, आपल्या -पणा किंवा -त्व सारखा. वेनस्काप म्हणजे मैत्री. नागरिकत्वाच्या अर्जावरच्या स्तात्स-बोर्गेर-स्काप या शब्दातही तोच प्रत्यय आहे. शेवटचा तुकडा वस्तू आहे की प्रत्यय, हे अर्थावरूनच कळतं. असे प्रत्यय मोजके आहेत: -स्काप, -हेत, -दोम, -शून, -इंग, -एल्से. ते एकदा ओळखीचे झाले की गफलत होत नाही.

पायरी तिसरी: सांधा ओळखा

या पायरीवर घाई करू नका. दोन शब्द जोडताना नॉर्वेजियन तीनपैकी एक गोष्ट करतं: काहीच घालत नाही, मध्ये -ए- घालतं, किंवा मध्ये -एस- घालतं. या सांध्याला नॉर्वेजियनमध्ये फूगे म्हणतात.

एकच शब्द तिन्ही सांधे कसे घेतो ते पाहा. लान (लिहिताना शेवटी डी असतो, तो गप्प) म्हणजे जमीन, देश. लान-ब्रूक म्हणजे शेती. मध्ये काही नाही. लाने-वै म्हणजे गावाबाहेरचा मोठा रस्ता, मध्ये -ए-. लान्स-काम्प म्हणजे दोन देशांमधला सामना, मध्ये -एस-. का? याला प्रत्येक वेळी कारण सापडत नाही. ओर म्हणजे वर्ष, त्यापासून ओर-बूक म्हणजे वार्षिक ग्रंथ, पण ऋतू मात्र ओश-तीद, म्हणजे वर्षाचा काळ, सांध्यात एस घेऊन (आर आणि एस एकत्र आले की 'श' होतो, त्याबद्दल पुढे). दाग म्हणजे दिवस. दाग-बूक म्हणजे रोजनिशी, दाग्स-लीस म्हणजे दिवसाचा उजेड. अशा छोट्या शब्दांचे सांधे ऐकून-वाचूनच अंगवळणी पडतात. नियम शोधायला गेलात तर वेळ जाईल.

लांब शब्दांत मात्र नियम चांगला भरवशाचा आहे, आणि सुदैवाने आपल्याला नडतात ते लांब शब्दच. पहिला शब्द -हेत, -शून, -स्काप, -दोम, -इंग, -तेत, -सेल अशा प्रत्ययांनी संपत असेल तर सांध्यात एस जवळजवळ नेहमी येतो. नीहेत म्हणजे बातमी, नीहेत्स-ब्रेव म्हणजे बातमीपत्र. इन्फोर्माशून्स-मॉते म्हणजे माहितीची बैठक. उंगदोम्स-स्कूले म्हणजे आठवी ते दहावीची शाळा. बेतालिंग्स-फ्रिस्त म्हणजे पैसे भरायची मुदत. फॉत्सेल म्हणजे जन्म, आणि फॉत्सेल्स-नुम्मेर हा तो ११ आकडी क्रमांक, ज्याच्याशिवाय इथे पान हलत नाही. पहिले सहा आकडे जन्मतारखेचे, शेवटचे पाच वेगळे, आणि त्या पाचांना पेर्शून-नुम्मेर म्हणतात. अर्जात दोन्हीपैकी नेमकं काय मागितलंय ते पाहून भरा. लोक सर्रास एकाऐवजी दुसरं म्हणतात.

पहिला शब्द स्वराने संपत असेल तर सहसा काहीच घालावं लागत नाही: स्कूले-बुस (शाळेची बस), फेरिये-पेंगेर (सुट्टीचा पगार). याला अपवाद फील्के, म्हणजे जिल्ह्यासारखा मोठा प्रशासकीय विभाग. तो मध्ये एस घेतो. -ए- चा सांधा बऱ्याचदा एका सिलॅबलच्या प्राण्या-माणसांच्या नावांनंतर येतो: हुन म्हणजे कुत्रा, हुने-हूस म्हणजे कुत्र्याचं घर, बाणे-हागे तर वर आलंच.

आणि आता खरी किल्ली. वीन म्हणजे वाइन, ग्लास म्हणजे पेला. वीन-ग्लास, मध्ये काही नाही. पण रेड वाइनचा पेला रॉवीन्स-ग्लास होतो, आता मध्ये एस! तोच वीन, तोच ग्लास. मग एस आला कुठून? कारण आता डाव्या बाजूला असलेला रॉ-वीन हा स्वतःच जोडशब्द आहे. तीन शब्दांची माळ झाली की मोठा सांधा कुठे आहे हे दाखवायला तिथे पुष्कळदा एस घातला जातो. स्क्रीवे-बूर, म्हणजे लिहायचं टेबल, आणि त्याचा खण स्क्रीवेबूर्स-स्कुफ, तोही असाच. वाचणाऱ्याने याचा अर्थ असा घ्यायचा: लांब शब्दाच्या मधोमध एस दिसला की पहिला घाव तिथे घालून पाहायचा. चुकला तर पुन्हा जोडता येतो.

पायरी चौथी: मोठा घाव आधी, छोटे नंतर

परवान्याच्या पत्रातला ओपहोल्स-तिलातेल्से घेऊ. शेपूट नाही. शेवटी तिलातेल्से, म्हणजे परवानगी. त्याच्या आधी सांध्यातला एस, आणि त्याआधी ओपहोल, म्हणजे वास्तव्य. राहण्याचा परवाना. आता आर्बैड्स-तिलातेल्से (कामाचा परवाना) आणि बिग्गे-तिलातेल्से (बांधकामाचा परवाना) आपसूक कळतात. ओपहोल आणखी फोडला तर ओप आणि होल असे दोन निघतात, पण अर्थासाठी त्याची गरज नाही. थांबायचं कुठे हेही शिकावं लागतं: तुकडा ओळखीचा झाला की थांबा.

आता जरा मोठा: मेन्नेस्के-रेत्तिहेत्स-ओर्गानिसाशूनेने. शेपूट -एने, म्हणजे अनेकवचन, 'त्या'. शेवटचा शब्द ओर्गानिसाशून, संघटना. त्याच्या लगेच आधी एस. त्या एसच्या डावीकडे मेन्नेस्के-रेत्तिहेत: मेन्नेस्के म्हणजे मानव, रेत्तिहेत म्हणजे हक्क. मानवी हक्कांच्या त्या संघटना. सिलॅबल मोजत गेलात तर बारा-तेरा होतात. शब्द मोजलेत तर तीन.

नॉर्वेत लांब शब्दाची गंमत म्हणून एक राक्षस नेहमी सांगितला जातो: फील्केस-त्राफीक-सिकेरहेत्स-ऊत्वाल्ग्स-सेक्रेतारियात्स-लेदेर-फुंक्शूनेने. व्यवहारात हा तुम्हाला कुठे भेटणार नाही, पण सरावाला उत्तम. उजवीकडून चला: -एने शेपूट, फुंक्शून, काम, लेदेर, प्रमुख, एस, सेक्रेतारियात, सचिवालय, पुन्हा एस, ऊत्वाल्ग, समिती, पुन्हा एस, त्राफीक-सिकेरहेत, वाहतूक-सुरक्षा, एस, फील्के. जिल्ह्याच्या वाहतूक-सुरक्षा समितीच्या सचिवालयाच्या प्रमुखाची कामं. मराठीत सांगताना आपल्याला 'च्या' आणि 'ची' लावावे लागले, तिथे नॉर्वेजियनने एस ठेवून काम भागवलं.

गावांची नावंही याच रीतीने उकलतात, आणि ते फार आनंदाचं काम आहे. गुद्ब्रान्स-दालेन: गुद्ब्रान हे माणसाचं नाव, एस, दाल म्हणजे दरी, -एन शेपूट. देशातलं सर्वांत उंच शिखर गाल्हॉ-पिग्गेन, २,४६९ मीटर. पिग म्हणजे सुळका, शेवटी पुन्हा -एन. नावाच्या शेवटी वीक दिसलं तर खाडी, नेस दिसलं तर समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोक.

पायरी पाचवी: हरवलेलं व्यंजन

छोटीशी पण हमखास फसवणारी गोष्ट. बुस या शब्दाच्या शेवटी दोन एस आहेत, आणि चालक या अर्थाच्या शोफॉरच्या सुरुवातीला एक. जोडले की सलग तीन एस व्हायला हवेत. नॉर्वेजियनमध्ये तीन सारखी व्यंजनं लागोपाठ लिहीत नाहीत, एक गाळतात. त्यामुळे बस-चालक या शब्दात दोनच एस दिसतात आणि नवखा माणूस 'बुस' संपला कुठे हेच शोधत राहतो. रात्रीची गाडी नात-तोग (दोनच टी), वाहतूक कोंडी त्राफीक-कोर्क (दोनच के), डोंगराळ मुलूख फ्येल-लान्स्काप (दोनच एल), सगळे असेच. बांक-कोटमध्ये मात्र मुळातच एक आणि एक मिळून दोन के आहेत, तिथे काही गळलेलं नाही.

हे व्यंजन कायमचं जात नाही. ओळीच्या शेवटी जागा संपली आणि शब्द नेमका या सांध्यावर तुटला, तर पहिल्या ओळीत बुस दोन एसनिशी आणि दुसऱ्या ओळीत शोफॉर आपल्या एसनिशी, असं तिसरं व्यंजन परत येतं.

पायरी सहावी: मोठ्याने वाचा

सांधा कळल्याशिवाय उच्चारही बरोबर येत नाही, आणि यासाठी ताक-स्तैन हा शब्द चांगला. ताक म्हणजे छप्पर, स्तैन म्हणजे दगड, मिळून कौल. नॉर्वेजियनचा सर्वसाधारण नियम असा की जोर असलेल्या स्वरापुढे एकच व्यंजन असेल तर स्वर लांब, दोन किंवा जास्त असतील तर आखूड. ताक-स्तैन लिहिलेला पाहिलात तर आ नंतर के, एस, टी अशी तीन व्यंजनं आहेत. नियम आंधळेपणाने लावला तर आ आखूड होईल, आणि गंमत म्हणजे ती पहिली पाच अक्षरं मिळून ताक्स्त हा आखूड स्वराचा खराखुरा शब्दही होतो. अर्थ: दर, भाडं. पण सांधा के नंतर आहे. ताक आपल्या घरी एकाच व्यंजनाचा, म्हणून त्याचा आ जोडशब्दातही लांबच. प्रत्येक शब्द आपली लांबी सोबत आणतो.

तसंच बील म्हणजे मोटार, देलेर म्हणजे भाग, बील-देलेर म्हणजे मोटारीचे सुटे भाग. सिलॅबलने वाचणारा तिथे बिल्दे शोधतो, म्हणजे चित्र, आणि उरलेला लेर म्हणजे हसतो. चित्र हसतं! असं काही विचित्र निघालं की समजायचं, घाव चुकीच्या जागी पडला.

जोर पहिल्या शब्दावर. 'लाल अशी एक वाइन' म्हणताना रॉ आणि वीन दोन्हींवर जोर येतो. रॉवीन हा एक शब्द झाला की मुख्य जोर फक्त रॉ वर, आणि वीन दुय्यम, पण स्वर मात्र लांबच. त्याशिवाय बहुतेक बोलींत शब्दाला दोनपैकी एक चाल असते, सुराची चढउतार. ती पुस्तकातून शिकण्याच्या भानगडीत पडू नका, ऐकून येते.

मराठी माणसाला इथे एक आयती देणगी आहे. ओस्लो आणि पूर्व नॉर्वेत आर पुढे टी, डी, एन, एल आले की दोन्ही मिळून जीभ मागे वळवून एकच ध्वनी होतो, आपल्या ट, ड, ण, ळ च्या घराण्यातला. म्हणून बाण, म्हणून कोट. आर आणि एस मिळून 'श'. आणि हे सांध्यावरही घडतं: वोर म्हणजे वसंत, सूल म्हणजे सूर्य, एकत्र केल्यावर वोशूल, वसंतातलं ऊन. इंग्रजी किंवा स्पॅनिश बोलणाऱ्यांना हे ध्वनी मुद्दाम कमवावे लागतात, आपल्या तोंडात ते जन्मापासून आहेत. बर्गन, स्तवांगेरच्या बाजूला मात्र आर घशातून काढतात आणि हे वळण नसतं; तिथे बाण म्हणाल तर कळेल, पण पाहुणे आहात हेही कळेल.

पायरी सातवी: नातं कसलं, ते डोक्याने ठरवा

व्याकरण तुकडे देतं, त्यांच्यातलं नातं देत नाही. उल-सोक्केर म्हणजे लोकरीचे मोजे, पण शी-सोक्केर म्हणजे स्कीचे बनलेले मोजे नाहीत, स्की करताना घालायचे मोजे. फिस्के-रेत्त हा शब्द तर दोन्हीकडून लागतो: माशाचा पदार्थ, किंवा मासेमारीचा हक्क, कारण रेत्त म्हणजे पदार्थही आणि हक्कही. हॉटेलच्या यादीत आहे की जमिनीच्या कागदात, त्यावरून ओळखा.

आणि कधीकधी दुसरं पदही प्रधान नसतं, आपल्या बहुव्रीहीसारखं. ब्लो म्हणजे निळा, स्त्रूपे म्हणजे गळा. ब्लो-स्त्रूपे हा गळा नाही, निळ्या गळ्याचा छोटा पक्षी आहे. 'नीलकंठ' म्हटल्यावर आपण कुठे गळ्याचा विचार करतो! या जातीचे पक्षी हिवाळ्यात भारतातही येतात. असे शब्द थोडे आहेत, पण तत्पुरुषाचा नियम लावून अर्थ हास्यास्पद झाला तर हा दरवाजा ठोठावून पाहा.

पायरी आठवी: लिहिताना एकत्र लिहा

वाचताना फोडायचं, लिहिताना चिकटवायचं. इंग्रजीच्या सवयीने शब्द सुटे लिहिले तर नुसती चूक होत नाही, अर्थही बदलतो. तूनफिस्क-बीतेर एकत्र म्हणजे टूना माशाचे तुकडे. सुटं लिहिलं तर 'टूना मासा चावतो'. लाम्मे-लोर एकत्र म्हणजे कोकराची तंगडी. सुटं केलं की लुळ्या मांड्या. रॉयक-फ्रित एकत्र म्हणजे धूम्रपान-मुक्त जागा. फट ठेवलीत तर 'खुशाल ओढा'. नॉर्वेजियन लोक यावर भरपूर विनोद करतात आणि तितकेच चिडतातही. धीर द्यायला सांगतो, ही चूक त्यांची स्वतःची मुलंही सर्रास करतात.

आडवी रेघ काही ठराविक जागीच येते. आद्याक्षरांनंतर: टीव्ही-स्तूए, आयटी विभागाच्या नावात, ई-मेलसाठीच्या ए-पोस्त या शब्दात. आकडे असलेल्या शब्दांत: १७ मेच्या, म्हणजे १८१४ च्या संविधानाच्या वर्धापनदिनाच्या मिरवणुकीला '१७. माइ-तोग' लिहितात. आणि शेवटचा शब्द दोघांत सामाईक असेल तेव्हा, हॉस्त- ओ विन्तेर-फेरिये: शरद आणि हिवाळ्याची सुट्टी. पहिल्या शब्दामागे लोंबकळणारी रेघ दिसली की पुढच्या जोडशब्दाचा शेवट तिथे मनात लावून वाचायचं. सरकारी कागदांत ही रेघ फार दिसते.

ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा असेल तर पहिला मान सांध्याचा, आणि सांध्यातला एस वरच्या ओळीत, डाव्या शब्दाबरोबर राहतो: आर्बैड्स-, खाली यीवेर (मिळून मालक, नोकरी देणारा). साध्या शब्दात सिलॅबल चालतं. तिथे निदान एक व्यंजन खालच्या ओळीत जातं, विन-तेर, सोम-मेर.

शब्दकोशात पाहायचं तर बूकमोल आणि नीनोश्क या दोन्ही लेखनपद्धतींचे कोश नेटवर फुकट आहेत, बर्गन विद्यापीठ आणि नॉर्वेची भाषा परिषद मिळून चालवतात. दोन्ही पद्धतींना १८८५ पासून समान दर्जा आहे आणि ही नावं १९२९ पासूनची. इथली उदाहरणं बूकमोलची. अख्खा जोडशब्द कोशात नसेल तर दचकू नका, लोक रोज नवे बनवतात. शेवटचा शब्द शोधा, मग त्याच्या आधीचा.

सरावाला चार शब्द. आधी खालचं उत्तर झाकून स्वतः फोडा: हूसलैएकोन्त्राक्त, स्तॉवसूगेर, उंगदोम्सस्कूलेलेरेर, वोक्सेनओपलेरिंग्ससेन्तेरे.

पहिला: कोन्त्राक्त करार, त्याआधी हूस-लैए, घराचं भाडं, भाडेकरार. दुसरा: सूगेर शोषणारा, स्तॉव धूळ, व्हॅक्यूम क्लीनर. तिसरा: लेरेर शिक्षक, त्याआधी उंगदोम्स-स्कूले, इथे मोठा घाव एसवर नाही, स्कूलेनंतर आहे, कारण एस आतल्या जोडीचा आहे. चौथा: -ए शेपूट, सेन्तेर केंद्र, एस, ओपलेरिंग शिक्षण, वोक्सेन प्रौढ. प्रौढ शिक्षण केंद्र, जिथे बहुतेक नगरपालिकांत नव्याने आलेल्यांचे नॉर्वेजियनचे वर्ग भरतात. लिहिताना मध्ये दोन एस येतात, एक सांध्याचा आणि एक सेन्तेरचा. अर्जावर नाव लिहिताना त्यातला एक हमखास सुटतो.